लेकरू पेटीत हाय

(दृश्य: पहाट. जिल्हा रुग्णालयाचा व्हरांडा, सतरंजीवर आडवे झालेले नातेवाईक.)

मराठवाड्यातल्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात हे वाक्य कानावर पडतं: ‘लेकरू पेटीत हाय.’ सातव्या महिन्यात झालेलं, किलो-सव्वा किलोचं. पेटी म्हणजे इन्क्युबेटर, लेकराला ऊब देणारी काचेची पेटी. लेकरू काचेत आहे, म्हणजे जपलेलं आहे, एवढाच आज्जीला धीर.

पण काच सगळंच अडवत नाही. आईच्या रक्तातली रोगाशी लढणारी द्रव्यं बाळाकडे उतरतात ती मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. या लेकराला ती पुरती मिळालेलीच नाहीत. कातडी इतकी पातळ की शिरा दिसतात. त्यात श्वासाची नळी, दुधाची नळी, सलाईनची सुई. जीव धरून ठेवणाऱ्या याच वाटांनी जंतूही आत शिरतात.

(दृश्य: बेसिन, सक्शनची बाटली.)

क्लेब्सिएला नावाचा जंतू ओलीत रमतो. अ‍ॅसिनेटोबॅक्टर कोरड्या पृष्ठभागावरही कित्येक दिवस तग धरतो. दिल्लीतल्या तीन रुग्णालयांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला, त्यात नवजात बाळांच्या रक्तात सापडलेल्या जंतूंमध्ये हे दोघेच आघाडीवर होते. अ‍ॅसिनेटोबॅक्टर तर बहुतेकदा अनेक प्रतिजैविकांना दाद देत नव्हता.

संसर्गाची खूण साधी असते. लेकरू दूध पचवत नाही, सुस्त होतं, गार पडतं. रक्ताच्या कल्चरचा, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीचा, रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस जातात. तेवढी उसंत या जिवाला नसते, म्हणून औषध आधीच सुरू करावं लागतं.

एका पेटीतून दुसऱ्या पेटीत हे जंतू जातात ते बहुतेकदा आपल्या हातांवरून. एका सिस्टरकडे अनेक लेकरं, एकाचं लंगोट बदलेपर्यंत दुसऱ्याचा मॉनिटर वाजतो. साबणानं नीट हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात. आणि पाणी लागतं.

(दृश्य: रिकामी टाकी.)

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या फेरीत पाच लाख लिटर. अशा मुलखात नवजात कक्ष पाहायला गेलं, तर यंत्रांच्याही आधी नळ सोडून पाहावा, असं मला मनापासून वाटतं. प्रत्येक पेटीशी अल्कोहोलच्या हँडरबची भरलेली बाटलीही हवी: २० ते ३० सेकंद, पाण्याविना. हात मळलेले असतील, रक्त लागलेलं असेल, तर मात्र साबण-पाण्याला पर्याय नाही.

आणि आई? तिला बाहेर ठेवून लेकरू सुरक्षित होत नाही. भारतासह पाच देशांतल्या अभ्यासात, १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मानंतर लगेच छातीशी धरायला सुरुवात केली, तेव्हा पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू चौथाईनं घटले. २०२१ साली हे निष्कर्ष आले.

(दृश्य: कक्षाचं दार.)

सिस्टर सांगते, कोपराखाली काही नको. बाळंतिणीच्या हातात हिरवा चुडा. आज्जी क्षणभर थांबते. मग स्वतःच सुनेच्या मनगटाला साबण लावते, एकेक बांगडी अलगद उतरवते आणि पदराच्या गाठीत बांधते.

‘जा माय, घे त्याला.’