कासवाच्या पायाखाली काय घालायचं?

हे सुलकाटा कासव. मूळचं आफ्रिकेतलं, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातलं. आज तळहातावर मावतंय, पुढे चाळीस किलोच्याही वर जाऊ शकतं. पाळणाऱ्याला वाटतं, वाळवंटाकडचा प्राणी, त्याला सोलापूरचं ऊन काय नवीन! मग पेटीत कोरडी वाळू पसरली जाते, आणि त्रास तिथूनच सुरू होतो. कारण रानात हे पिल्लू भर उन्हात बसून राहत नाही. ते बिळात शिरतं, आणि बिळातली माती दमट असते. दमटपणा मिळाला नाही, तर पाठीवरच्या कवचाला टेंगळं येतात. ती एकदा आली की जात नाहीत.

वाळू खाण्याबरोबर पोटात जाते, आतडं तुंबतं. रद्दी पेपर फुकट मिळतो, पण त्यावर पाय घसरतात आणि उकरायला काहीच नसतं. वखारीतला भुसा नकोच. तो कुठल्या लाकडाचा, हे वखारवाल्यालाही सांगता येत नाही. देवदारासारख्या लाकडातलं तेल श्वासाला बाधतं आणि बारीक भुकटी डोळ्यांत जाते. शेंगांची टरफलं ओली झाली की बुरशी धरतात.

राहिली आपली काळी माती. भिजली की पायांना चिकटते, वाळली की दगड होऊन भेगाळते. नुसती घालू नये.

स्वस्तात जमणारं उत्तर नर्सरीत मिळतं: पोयट्याची माती आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, निम्मं निम्मं. माती मागताना खत न घातलेली हवी, हे बजावून सांगा. डाळिंबाच्या बागेतली माती तर आणूच नका. तिथे फवारणी सतत चालते. माती चाळून ताडपत्रीवर उन्हात वाळवा. कोकोपीटची वीट भिजवून एकदा धुऊन, पिळून घ्या, म्हणजे त्यातला खारेपणा उतरतो. पाच किलोची वीट फुगून साठ लिटरच्या पुढे जाते, एका पेटीला पुरून उरते.

आता मिश्रण मुठीत दाबून पाहा. गोळा झाला पाहिजे, बोट लावताच फुटला पाहिजे, आणि बोटांच्या फटीतून पाण्याचा थेंब येता कामा नये. पिल्लाचं कवच पूर्ण झाकलं जाईल एवढा जाड थर द्या. पाणी वरून शिंपडण्यापेक्षा कोपऱ्यांतून सोडा. तळ ओलसर आणि वरचा भाग कोरडा राहिला पाहिजे. वरचा भाग सतत ओला राहिला, तर पोटाखालचं कवच सडू लागतं.

खाणं थेट मातीवर टाकू नका. शहाबादी फरशीचा एक तुकडा ठेवा आणि पाला त्यावर द्या. माती पोटात जात नाही, चालून चालून नखंही घासली जातात.

कायद्याचंही ऐका. आपल्याकडचं पिवळ्या चांदण्यांच्या नक्षीचं स्टार कासव घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. कुणी विकत असेल, तर वन विभागाला कळवा. सुलकाटा परदेशी आहे, तरी त्याची केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर नोंदणी करावीच लागते.

विष्ठा रोज उचला. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार गेला की पेटी पत्र्याखाली ठेवू नका, आणि संध्याकाळी थरात बोट खुपसून पाहा. तळाशीही धूळ लागली, तर कोपऱ्यांत पुन्हा तांब्याभर पाणी सोडा.