मान वाकडी दिसली म्हणजे मानमोडीच असे नव्हे

नमस्कार. भंडारा-गोंदियाकडे भाताच्या तुसावर वाढणाऱ्या ब्रॉयलरच्या शेडमध्ये पावसाळ्यात चार-सहा पक्षी मान टाकून पडले, की 'मानमोडी आली' हा निरोप शेजारच्या शेडवर पोहोचतो. मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा विषाणूचा गंभीर रोग आहे. परंतु जिवाणूंमुळेही कोंबडीची मज्जासंस्था बिघडते. म्हणून आधी मान पिळवटलेली आहे की लुळी, हे नीट पाहावे.

आधी पाय, मग पंख, मान आणि पापण्या लुळ्या पडत गेल्या असतील, चोच तुसाला टेकली असेल आणि पिसे ओढताच सहज निघत असतील, तर बोटुलिझमचा संशय घ्यावा. शेडच्या कोपऱ्यात मेलेला पक्षी राहून गेला, की त्याच्या कुजणाऱ्या शरीरात क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम हा जिवाणू विष तयार करतो. त्यावरच्या अळ्यांना त्या विषाने काही होत नाही, मात्र त्या वेचून खाणारी कोंबडी लुळी पडते, कारण हे विष नसेकडून स्नायूकडे जाणारा संदेशच अडवते. शवविच्छेदनात मेंदूत काहीही सापडत नाही, ते यामुळेच. शरीरात गेलेले विष अँटिबायोटिकने उतरत नाही, तेव्हा सकाळ-संध्याकाळ मरतुक उचलून ती खोल खड्ड्यात पुरणे, हेच काम मी सर्वांत महत्त्वाचे मानतो.

मान पिळवटलेली असेल, तर निदान अधिक कठीण असते. कोंबड्यांचा कॉलरा, म्हणजे पाश्चुरेला या जिवाणूचा संसर्ग, जुनाट झाला की मधल्या कानात आणि कवटीच्या हाडांत पू साचून पक्ष्याचा तोल जातो. लिस्टेरिया हा जिवाणू मेंदूला सूज आणतो. राणीखेत आणि हे आजार नुसत्या नजरेने वेगळे करता येत नाहीत. 'ई' जीवनसत्त्व कमी पडले तरी पिल्ले अशीच मान वळवतात, ही गोष्टही विसरू नये.

ब्रॉयलर पाय पुढे पसरून ढुंगणावर बसलेला दिसला, तर एन्टेरोकॉकस सेकोरम या जिवाणूमुळे मणक्यात गळू होऊन मज्जारज्जू दाबला गेलेला असू शकतो.

जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयाकडे विचारून, आजारी जिवंत पक्षी आणि नुकताच मेलेला पक्षी, दोन्ही तपासणीला द्यावेत. मात्र मरतुक अचानक वाढली असेल, तर बर्ड फ्लूची शक्यता असल्याने पक्षी फाडू नयेत, शेडबाहेर हलवू नयेत, पशुवैद्यकांनाच शेडवर बोलवावे.