पुन्हा चान्स कधी?

(नागपूरच्या महाल भागातलं घर, सकाळ. भिंतीवरचं कॅलेंडर.)

दुधाचे खाडे, गॅस लावल्याची तारीख, भिशीचे पैसे, सगळं या एकाच कॅलेंडरवर आहे. त्यातच निळ्या पेनाचे गोल आहेत, ते पाळीचे. एका चौकोनात मात्र नुसता ठिपका आहे. गरोदरपणाचा नववा आठवडा होता. सोनोग्राफीत ठोके मिळाले नाहीत.

ताईंचं नाव आपण घेणार नाही, चेहराही दिसणार नाही. तशी त्यांची अट आहे. दिसतील ते हात, आणि ऐकू येईल तो आवाज.

"सगळेच म्हणून राहिले, सहा महिने थांब. पण काऊन सहा, हे कोणी सांगूनच नाही राहिलं."

प्रश्न रास्त आहे. म्हणून आम्ही आधी त्या सहाच्याच मागे गेलो.

(कागदपत्रं, फाइल चाळणारे हात.)

2005 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी गर्भपातानंतर किमान सहा महिने थांबावं, असा सल्ला दिला. त्याला मुख्य आधार होता लॅटिन अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचा. त्या नोंदींमध्ये आपोआप झालेला गर्भपात आणि करून घेतलेला गर्भपात वेगळे काढता येत नव्हते. तरीही आकडा जगभर पोचला. दवाखान्यांत पोचला, मग घराघरांत. ताईंच्या सासूबाईंपर्यंतही तोच पोचला.

त्यानंतर 2010 मध्ये स्कॉटलंडमधल्या तीस हजारांहून जास्त बायकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. पहिल्या गर्भपातानंतर ज्यांना सहा महिन्यांच्या आत दिवस गेले, त्यांचं पुढचं गरोदरपण उशिरा दिवस गेलेल्यांपेक्षा वाईट नव्हतं, उलट बरं होतं. 2022 मध्ये नॉर्वेचा अभ्यास आला. गर्भपातानंतर तीन महिन्यांच्या आत दिवस गेले म्हणून बाळ-बाळंतिणीचा धोका वाढल्याचं त्यातही दिसलं नाही.

म्हणजे सुरुवातीच्या आठवड्यांतला साधा गर्भपात असेल, गर्भपिशवी साफ झाली असेल, ताप-रक्तस्राव नसेल, तर शरीराला सहा महिने हवेतच, असं नाही. दोन आठवड्यांतही स्त्रीबीज बाहेर पडू शकतं. डॉक्टर एक पाळी येऊ द्या म्हणतात, ते बहुतेकदा पुढच्या तारखा नीट मोजता याव्यात म्हणून.

थांबायचं कधी, हेही ठरलेलं आहे. द्राक्षगर्भ, म्हणजे गर्भाऐवजी द्राक्षांसारखे फोड वाढलेले असतील, तर रक्तातला गरोदरपणाचा हार्मोन उतरून डॉक्टर होकार देईपर्यंत. गर्भ पिशवीऐवजी नळीत रुजला म्हणून त्याची वाढ थांबवणारं मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन दिलं असेल तर साधारण तीन महिने. आणि गर्भ दोनदा-तीनदा गेला असेल तर आधी कारण शोधायचं, मग चान्स.

(स्कूटरवरून सीताबर्डी. जुनी इमारत.)

ही मातृसेवा संघाची इमारत. कमलाताई होस्पेट यांनी 1921 मध्ये नागपुरात या संस्थेची सुरुवात केली. ताईंचा जन्म इथलाच. ताईंच्या आईही सोबत आहेत. ताईंच्या आधी त्यांचाही एक गर्भ गेला होता, हे त्यांनी लेकीला सांगितलं ते याच फाटकापाशी, आमच्या समोर. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

(ऑफिसच्या बॅगेचा क्लोजअप.)

कायद्यात गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा आहे. ताईंनी चार दिवसांची किरकोळ रजा टाकली. ऑफिसात कोणी सांगितलंच नाही.

(घर, रात्र. स्वयंपाकघर.)

ताईंना आता चान्स घ्यायचा आहे. नवऱ्याला अजून नाही. तो ओट्याला टेकून उभा आहे, हातात पाण्याचा गडू.

"तिला त्या दिवशी स्ट्रेचरवर पाहिलं ना, ते डोळ्यापुढून जाऊनच नाही राहिलं."

अभ्यासांतले महिने शरीराचे आहेत. याच्या भीतीला किती लागतील, हे कुठल्याच अभ्यासात नाही, आणि तेवढ्यासाठी थांबणं हेही थांबायचं पुरेसं कारण आहे. पण किती थांबायचं ते या दोघांनी ठरवावं. शेजारणीने नाही, व्हॉट्सॲपवरच्या मावशीनेही नाही.

तोवर एक काम दोघांनी मिळून केलं आहे. ताईंचं हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून झालं, आणि सिकलसेलची, म्हणजे आईबापांकडून बाळाकडे येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, चाचणी दोघांचीही दिली. विदर्भात ही चाचणी टाळू नये. दोघंही वाहक निघाले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. रिपोर्ट सोमवारी येणार आहे.

(तुरीच्या डाळीचा डबा. त्यावर गोळ्यांची पट्टी.)

फॉलिक ॲसिड. दिवस जायच्या आधीपासून रोज 400 मायक्रोग्रॅम. पट्टीतल्या अकरा गोळ्या संपल्या आहेत. बारावी तो काढतो, गडूतलं पाणी पेल्यात ओततो आणि तिच्यापुढे ठेवतो.