अजिंठ्याचा निळा रंग कुठून आला?

नमस्कार, श्रोतेहो.

अजिंठ्याची चित्रं पाहताना निळ्या रंगापाशी जरा जास्त वेळ थांबावं, असं मला मनापासून वाटतं. तिथला तांबडा, पिवळा जवळपासच्या दगडमातीतला. निळा मात्र फार लांबून आला. तो लाजवर्द नावाच्या दगडाचा, आणि त्याचं माहेर अफगाणिस्तानातलं बदख्शान.

हिंदुकुशाच्या रांगांत कोकचा नदीचं चिंचोळं खोरं आहे. तिथल्या सर-ए-संगच्या खाणींतून सहा हजारांहून अधिक वर्षं लाजवर्द निघतो आहे. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी सिंधू संस्कृतीच्या माणसांनी आमूदर्या नदीजवळ शोर्तुगाईला वस्ती केली, त्यामागे हाच व्यापार असावा असं बहुतेक संशोधक मानतात. प्राचीन इजिप्तचा राजा तुतनखामुन याच्या सोन्याच्या मुखवट्याच्या भुवयाही लाजवर्दाच्याच.

पण तो काढायचे कसा? आमूदर्याचा उगम शोधायला निघालेला जॉन वुड हा आरमारी अधिकारी १८३७-३८च्या हिवाळ्यात या भागात होता. त्याने लिहून ठेवलंय, की खडकाखाली वाळक्या झुडपांचा जाळ करायचा आणि त्याच्या ज्वाळा दगडावर खेळत्या ठेवायच्या. खडक तापून पुरेसा ठिसूळ झाला, की हातोड्याने एकेक खपली उडवायची. निळं दिसलं, की हात आवरायचा. मग भोवतीने खोल खाच पाडून पहारीने तो तुकडा अलगद सुटा करायचा. एक घाव चुकला, तर सगळी मेहनत वाया. त्या अंधारात धूर गिळत उभ्या राहिलेल्या माणसांपैकी एकाचंही नाव आपल्यापर्यंत पोचलेलं नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

हाती आलेल्या दगडाची पारख रंगावरून होई. गडद तो नीली, फिका तो आसमानी, आणि तिसरी जात हिरवट. चांगल्या तुकड्यात सोनेरी ठिपके चमकतात. ते सोनं नव्हे, लोह आणि गंधकाचं खनिज आहे. पांढऱ्या शिरा चुनखडीच्या.

  

युरोपातले चितारी लाजवर्दाची पूड राळ-मेणात मळून, राखेच्या पाण्यात चोळून त्यातली निळाई वेगळी करत. हा रंग सोन्याच्या तोलाचा होता. १८२०च्या दशकात फ्रान्समध्ये तोच रंग कारखान्यात बनवता आला आणि चितारी त्या स्वस्त रंगाकडे वळले.

खाणी मात्र थांबल्या नाहीत. अलीकडच्या काळात सुरुंग आले, आणि निघालेल्या मालाचा पैसा शस्त्रधारी टोळ्यांच्या हाती जाऊ लागला. जुन्या बोगद्यांच्या भिंती त्या जाळांच्या काजळीने अजून काळ्या आहेत.

नमस्कार.