कार्टूनच तर आहे
(लघुमाहितीपटाचं निवेदन)

(दृश्य: वडगाव, सकाळ. यंत्रमागाचा आवाज. धोटा अगदी जवळून.)

वडगावात सकाळ मागाच्या आवाजानं होते. शहापूर, खासबाग, वडगाव… बेळगावच्या या गल्ल्यांत घराचा सोपा ओलांडला की माग लागतो. धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी नळी, या टोकाहून त्या टोकाला जातो, परत येतो. ताण्याचे धागे खाली-वर होतात आणि साडीचा काठ बोटाबोटानं पुढं सरकतो. धोट्यातली धाग्याची कांडी संपली की क्षणभर माग थांबतो, नवी कांडी बसते, पुन्हा सुरू. माग चालू असताना बोलायचं म्हणजे ओरडायचं, म्हणून इथली माणसं बरंचसं खुणांनीच बोलतात.

(दृश्य: मागाच्या पलीकडं भिंतीला टेकून बसलेला मुलगा. हातात मोबाईल.)

या आवाजातच हा बसलाय. वय आठ. कानात इयरफोन. पडद्यावर चौदा वर्षांच्या एका मुलाला त्याच्या बापानं खूप वर्षांनी बोलावून घेतलंय. भेटीसाठी नाही, एका अवाढव्य यंत्रात बसून लढण्यासाठी. मुलगा नको म्हणतो. मग त्याच्यासमोर स्ट्रेचरवरून एक जखमी मुलगी आणली जाते. तू नाही बसलास तर ही बसेल.

आईनं खुणेनंच विचारलं, काय बघायलास? पोरानं ओठ हलवले, "कार्टून." आईनं मान डोलावली आणि माग पुढं चालू लागला.

मालिकेचं नाव ‘निऑन जेनेसिस इव्हँगेलियन’. ऑक्टोबर १९९५ ते मार्च १९९६, २६ भाग, दिग्दर्शक हिदेआकी आन्नो. जपानमध्ये ती संध्याकाळी साडेसहाला लागायची, म्हणजे पोरं घरी असायच्या वेळेला. तिच्यात राक्षसी यंत्रांची लढाई आहे, हे खरं. पण ती मुख्यतः एकटेपणाची, बापाच्या प्रेमाला आचवलेल्या मुलाची आणि खचलेल्या मनांची गोष्ट आहे. आठ वर्षांच्या पोराला त्यातली लढाई दिसते. बाकीचं त्याच्या आत जाऊन बसतं आणि ते कुणाला विचारायचं, हे त्याला कळत नाही.

(दृश्य: मुलींचे हात. वहीच्या कोपऱ्यात पानापानावर काढलेली धावणारी आकृती. पानं भराभर सोडली जातात.)

टिळकवाडीतल्या या मुली चित्रकलेच्या तासाला हे शिकल्या. प्रत्येक पानावर तीच आकृती, जरा पुढं सरकवलेली. पानं सोडली की ती पळते. अॅनिमेशनचं मूळ एवढंच आहे, आणि सगळा खर्चही याच चित्रांचा.

सिनेमाच्या एका सेकंदाला २४ चौकटी लागतात. दर चौकटीला नवं चित्र काढायचं तर अर्ध्या तासाच्या भागासाठी हजारो चित्रं लागणार, आणि दर आठवड्याला ती काढायची कुणी? जपानमध्ये चित्रकथाकार ओसामू तेझुका यांनी वाट काढली. एकच चित्र तीन चौकटी धरून ठेवायचं. म्हणजे सेकंदाला आठच चित्रं. बोलताना फक्त ओठ हलवायचे, चेहरा तोच. पळताना मागची पार्श्वभूमी सरकवायची. या काटकसरीतून १ जानेवारी १९६३ रोजी फुजी टीव्हीवर ‘अॅस्ट्रो बॉय’ सुरू झाली. जपानी नाव ‘तेत्सुवान अॅटम’, म्हणजे पोलादी बाहूंचा अॅटम. १९६६ च्या अखेरपर्यंत तिचे १९३ भाग झाले. प्रायोजक चॉकलेट-गोळ्या विकणारी कंपनी होती. गोळ्यांच्या डबीत अॅटमची चिकटचित्रं मिळायची आणि पोरं त्यासाठी डब्या घ्यायची.

पोरांची लाडकी ही मालिका सुरू कशी होते, ते बघा. डॉक्टर तेन्मा हा मोठा शास्त्रज्ञ. त्याचा लहान मुलगा मोटार अपघातात मरतो. दुःखानं वेडा झालेला बाप अगदी त्याच्यासारखा यंत्रमानव बनवतो. पण यंत्रमानव वाढत नाही, उंच होत नाही. हे लक्षात आल्यावर तोच बाप त्याला सर्कशीला विकून टाकतो.

पहिल्याच भागात हे सगळं. पोराचा मृत्यू, बापाचा शोक आणि त्या शोकातून आलेलं क्रौर्य.

(दृश्य: खडेबाजार. खेळण्यांचं दुकान. टांगलेले यंत्रमानव, मनगटावरची हिरवी घड्याळं.)

अमेरिकेत वेगळं झालं. ‘द जेटसन्स’ ही भविष्यातल्या कुटुंबाची मालिका १९६२ साली रविवारी संध्याकाळी लागायची. ती सगळ्या घरानं एकत्र बसून बघायची होती. तेव्हा तिचे २४ भागच झाले. पुढं त्याच भागांना शनिवार सकाळची वेळ मिळाली. त्या वेळेला टीव्हीसमोर फक्त पोरं असायची, म्हणून जाहिराती खाऊच्या आणि खेळण्यांच्या. अशी एकेक मालिका मोठ्यांच्या वेळेतून उचलून पोरांच्या वेळेत ठेवली गेली आणि ‘अॅनिमेशन म्हणजे पोरांचं’ हे घट्ट बसलं.

जपानमध्ये १९७९ साली ‘मोबाईल सूट गंडम’ आली. प्रायोजक खेळण्यांची कंपनी. तिला विकायला यंत्रमानव हवे होते, पण दिग्दर्शक योशियुकी तोमिनो यांनी युद्ध दाखवलं. नायक १५ वर्षांचा. पहिल्याच भागात त्याच्या मैत्रिणीची आई आणि आजोबा स्फोटात जातात. खेळणी खपेनात, म्हणून ५२ भागांची मालिका ४३ भागांत गुंडाळली. पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीनं जोडणीचे प्लास्टिकचे नमुने काढले आणि ते तुफान चालले. आज खडेबाजारात टांगलेल्या या यंत्रमानवांकडं बघताना ते युद्धाच्या गोष्टीतून आलेत, हे कुणाच्या ध्यानात येणार?

ती हिरवी घड्याळं मात्र ‘बेन टेन’ची. २००५ ची मालिका, नायक दहा वर्षांचा. ती खरोखर मुलांसाठीच बनवलेली आहे. ‘डोरेमॉन’ही तशीच. २२ व्या शतकातून आलेला यंत्र-बोका, टेबलाच्या खणात कालयंत्र, पोटाच्या पिशवीत दर वेळी नवं यंत्र. नोबिता हा शाळकरी मुलगा ते यंत्र आळशीपणासाठी वापरतो आणि काही मिनिटांतच फसतो. विज्ञान हातात आलं म्हणून शहाणपण येत नाही, हे सहा वर्षांच्या पोरालाही कळेल असं सांगणारी ही चांगली विज्ञानकथा आहे. तक्रार असलीच तर ती तासन् तास बघण्याबद्दल.

म्हणजे बंदी घाला, असं आम्ही म्हणत नाही. उलट.

(दृश्य: येळ्ळूरचा राजहंसगड. तटावरून खाली भातशेती. मग गल्लीतला दिवाळीचा मातीचा किल्ला. मावळ्यांच्या रांगेत एक यंत्रमानव.)

येळ्ळूरच्या राजहंसगडावरून खाली पाहिलं की सगळीकडं भाताची खाचरं. गडाखालच्या वाड्या-वस्त्यांत दिवाळीला पोरं किल्ले करतात. चिखल, गोणपाट, हळीव पेरलेले उतार, वर महाराजांचं सिंहासन. या किल्ल्यावर पोरांनी बुरुजाच्या रक्षणाला एक यंत्रमानव उभा केलाय. कुणी त्यांना हटकलं नाही आणि हटकूही नये.

प्रतापगडाची गोष्ट आपल्याकडं पाच वर्षांच्या पोराला सांगतात. १६५९ चा नोव्हेंबर, शामियाना, मिठी, वाघनखं, खानाचा कोथळा. रक्त त्यातही आहे. पण ती गोष्ट सांगणारी आजी समोर बसलेली असते. पोराचे डोळे मोठे झाले की ती आवाज खाली आणते. पोर घाबरलं की खानाच्या आधी जिवा महालाला आणते. पोरानं "मग?" म्हटलं तरच पुढं जाते. तीच गोष्ट चार नातवंडांना ती चार तऱ्हांनी सांगते.

फोन पोराच्या तोंडाकडं बघत नाही.

(दृश्य: संध्याकाळ. वीज गेलेली. अंधाऱ्या खोलीत तीन चेहरे, तिघांवर फोनचा निळा-लाल उजेड.)

हे दृश्य आम्हाला सहज मिळालं. वीज गेली आणि तीन भावंडं एका फोनवर वाकली.

१६ डिसेंबर १९९७ ची संध्याकाळ. जपानमध्ये ‘पोकेमॉन’चा एक भाग चालू होता. गोष्ट संगणकाच्या आत घडत होती. स्फोट दाखवायला पडद्यावर लाल आणि निळा रंग आळीपाळीनं उजळवला गेला, सेकंदाला साधारण १२ वेळा, काही सेकंद. मेंदूच्या पेशी एरवी आपापल्या लयीत काम करतात. डोळ्यांतून असा ठराविक लयीचा झगमगाट आत गेला की काही मुलांमध्ये त्या सगळ्या एकदम, एकाच ठेक्यात चेतवल्या जातात आणि झटका येतो. लाल रंगाचा त्रास जास्त. पडदा जवळ असेल आणि खोली अंधारी, तर आणखी जास्त. त्या संध्याकाळी ६८५ मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. बहुतेक लवकरच घरी परतली. मालिका चार महिने बंद राहिली, झगमगाटावर नियम आले, आणि तेव्हापासून जपानी मालिकांच्या सुरुवातीला एक ओळ येते: खोलीत उजेड ठेवा, पडद्यापासून लांब बसा.

तुकडे कापून फोनवर फिरणाऱ्या चित्रफितींत ती ओळ नसते.

(दृश्य: फोनचा पडदा. कोपऱ्यात वयाचा शिक्का, क्षणभर.)

आपल्याकडं २०२१ च्या नियमांनी ओटीटीवरच्या, म्हणजे इंटरनेटवरून दिसणाऱ्या, मालिकांना वयाचे शिक्के सक्तीचे केले. ‘यू’, ‘यूए ७+’, ‘यूए १३+’, ‘यूए १६+’ आणि ‘ए’. १३+ पासून पुढं पालकांना कुलूप लावता येईल अशी सोय द्यावी लागते. केबलच्या नियमांतही लिहिलंय की मुलांच्या कार्यक्रमांत अर्वाच्य भाषा आणि उघड हिंसा नको. शिक्का कोपऱ्यात येतो आणि जातो, इंग्रजी अक्षरांत. ‘रिक अँड मॉर्टी’ ही शिवीगाळीनं भरलेली, मोठ्यांसाठीच केलेली मालिका आणि ‘डोरेमॉन’, दोन्ही दिसायला रंगीत चित्रंच. झोप उडणं, रात्री दचकणं, एकटं झोपायला नकार, हे घरोघरी ऐकू येतं.

(दृश्य: शाळेची पाटी, कन्नड आणि मराठी. वऱ्हांड्यात मुलं. मग घरात आजी आणि नात, एकाच फोनकडं बघताना.)

सीमाभागात आणखी एक गाठ आहे. पोर मराठी शाळेत जातं, कन्नड शिकतं, दुकानाच्या पाट्या कन्नडमध्ये वाचतं. डोरेमॉन त्याच्याशी हिंदीत बोलतो, चिंटू टीव्हीवरची कार्टून्स कन्नडमध्ये, आणि मोठी झालेली पोरं जपानी आवाज, खाली इंग्रजी अक्षरं, असं बघतात. मुलांना यात अडचण वाटत नाही. चार भाषा सहज पेलणारी आमची ही मुलं हुशारच आहेत. अडचण आजीची. ती नातीशेजारी बसते, चित्र बघते, पण पडद्यावरचा बाप पोराला काय म्हणाला ते तिला कळत नाही. प्रतापगडाची गोष्ट चार तऱ्हांनी सांगणारी बाई इथं मुकी होते. मराठीसाठी या मातीत १९५६ पासून किती लढे झाले, ते इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. पोराच्या हातातल्या पडद्यावर मराठी आवाज यावा, ही मागणीही त्यांच्याच शेजारी मांडायला हवी, असं आम्हाला मनापासून वाटतं.

तोवर शेजारी बसणारं माणूसच हवं.

(दृश्य: शहापूर. मंडळाचं सभागृह, रविवार सकाळ. सतरंजीवर मुलं, मागं खुर्च्यांवर पालक. भिंतीवर पांढरी चादर.)

शहापुरात काही पालकांनी ते करून बघितलंय. भिंतीवर चादर, उसना प्रोजेक्टर, दिवे चालू, आणि बाजूला एक निवृत्त गुरुजी. पडद्यावर काळ्या-पांढऱ्या चित्रांतला ‘अॅस्ट्रो बॉय’चा पहिला भाग. दर दोन-तीन मिनिटांनी गुरुजी चित्र थांबवतात आणि काय बोलणं झालं ते मराठीत सांगतात. अपघात आला तेव्हा त्यांनी चित्र थांबवलं नाही, फक्त आवाज कमी केला.

भाग संपल्यावर भांडण लागलं. पुढच्या रांगेतल्या मुलाचं म्हणणं, तेन्मा वाईट. पोराला कुणी विकतं का? त्याच्या मागची मुलगी उसळली, तो पोरगा नव्हताच, यंत्र होतं. मग सर्कशीत गेल्यावर तो का घाबरला, असं तिसऱ्यानं विचारलं. यंत्र घाबरतं? मुलगी गप्प झाली, पण हरली नाही. तिनं सरळ मागं वळून आईलाच विचारलं, मी उंच झाले नाही तर तू काय करशील?

(दृश्य: आईचा चेहरा. आवाज नाही. पाच सेकंद तसंच राहू द्या.)

मोठ्यांचीही चर्चा झाली. कुणाचं मत पडलं की असलं दुःखाचं दाखवूच नये. दुसरे म्हणाले, घरात आजोबा गेले तेव्हा पोरानं काही विचारलं नाही, आज विचारलं. आम्ही या दुसऱ्यांच्या बाजूचे आहोत.

यादी त्यांनीच ठरवली, वादावादी करून. ‘डोरेमॉन’ सहाच्या पुढं, पण दिवसाला दोनच भाग. ‘बेन टेन’ आठच्या पुढं. ‘अॅस्ट्रो बॉय’ आठ-नऊच्या पुढं, मोठं माणूस शेजारी असेल तर. ‘गंडम’ बारा पूर्ण झाल्यावर. ‘इव्हँगेलियन’ दहावीच्या आत नाही, आणि तेव्हाही घरातल्या कुणीतरी आधी बघून घ्यायची. ‘रिक अँड मॉर्टी’ला कुलूप, चार आकड्यांचं, आणि तो आकडा पोराची जन्मतारीख नको. वडगावच्या त्या आईनंही ही यादी वहीत उतरवून घेतली.

पुढच्या रविवारी ‘गंडम’चा पहिला भाग आहे. बारा वर्षांखालच्यांना त्या दिवशी सभागृहात प्रवेश नाही. त्यांच्यासाठी मागच्या खोलीत पुठ्ठा, कात्री आणि रंग ठेवलेत. ज्याला हवा त्यानं आपला यंत्रमानव आपण बनवायचा.