हात गुंतलेले, कान मोकळे

(सोलापुरातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘पॉडकास्टमधली यशस्वी तरुणी’. पॉडकास्ट म्हणजे फोनवर हवं तेव्हा ऐकायचा बोलका कार्यक्रम. तिच्याकडे येतोच. आधी जरा विडीबद्दल बोलू द्या. पुढच्या रांगेतले हसायला लागले! ओढायची नाही हो, वळायची विडी.

१८६५ साली क्यूबात, हवानाच्या ‘एल फिगारो’ सिगार कारखान्यात एक पद्धत सुरू झाली. एक जण मोठ्यानं वर्तमानपत्र, पुस्तकं वाचायचा आणि बाकीचे सिगार वळता वळता ऐकायचे. वाचणाऱ्याचा पगार कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून द्यायचे. म्हणजे पैसे श्रोत्यांचे, म्हणून ऐकायचं काय तेही श्रोतेच ठरवणार. पुढच्याच वर्षी सरकारनं बंदी घातली. ऐकणाऱ्या कामगाराला सरकार का भितं, हे १९३०चा मार्शल लॉ, म्हणजे इंग्रजांचा लष्करी अंमल, सोसलेल्या सोलापूरला मी काय सांगू? केरळात, कण्णूरकडं, विडी कामगारांनीही हेच केलं. एकानं पेपर वाचायचा आणि त्याच्या वाटच्या विड्या बाकीच्यांनी वळून द्यायच्या.

आता आपल्याकडं या. कुंभारीची विडी कामगारांची वसाहत घ्या, नाहीतर पूर्व भागातली कुठलीही गल्ली. मांडीवर सूप, सुपात पानं, तंबाखू, दोरा. बाईचे डोळे पानावर, बोटं दोऱ्यावर. व्हिडिओ बघायला तिला डोळे आणायचे कुठून? कान मात्र दिवसभर रिकामे. माझं म्हणणं एवढंच, की पॉडकास्टचा खरा श्रोता हाच आहे. मोटारीत बसून ऐकणारा साहेब मागाहून आला.

इथं माझं एक जुनं दुखणं काढतो. तरुणपणी मी एका ठिकाणी निवेदक व्हायला गेलो होतो. कुठं ते विचारू नका. परीक्षक म्हणाले, “आवाज चांगलाय, पण बोलण्यात सोलापूर ऐकू येतं.” आता सोलापूरच्या माणसात नाशिक कुठनं ऐकू येणार बे? तरी घरी येऊन जिभेला इस्त्री मारली. ‘लई’ गेलं, ‘बे’ गेलं, हेल गेला. पुन्हा गेलो तर तेच साहेब म्हणतात, “भाषा शुद्ध झाली, पण बोलण्यात जीव राहिला नाही.” माझी बायको म्हणते, तुम्ही हा किस्सा लग्नातसुद्धा सांगितला होता. सांगितला होता. अजून सांगणार.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, पळतो.

तर ही मुलगी. नाव घ्यायचं नाही, असं तिनंच बजावलंय. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, मैत्रिणींत दखनी; आई विड्या वळते. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, आईच्या हातात स्मार्टफोन आला, आणि त्यावर ऐकण्यासारखं आपल्या गावचं काहीच नाही, हे हिच्या लक्षात आलं. मग स्वतःच पॉडकास्ट करायला घेतला. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमायचा, म्हणून दोरीवर जाड चादरी टाकून मधे बसली. सुती कापड घुमारा शोषून घेतं. माईक तोंडापासून वीतभर. पाहुणे कोण? यंत्रमागावरचा कामगार, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतला पाळणेवाला, त्याच यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी पेलणारा. त्यांची भाषा तिनं तशीच ठेवली. कुणी मधेच कानडीत शिरला तर शिरू दिलं. माझ्या साहेबांना चक्कर आली असती!

पहिले श्रोते आईच्या गल्लीतले. आईनं एकच दुरुस्ती सुचवली: पाहुण्याला मधे तोडू नको. फाइल एकदा चढवली की एकाच फीडवरून, म्हणजे भागांच्या ऑनलाइन यादीवरून, सगळ्या ॲपवर जाते, त्यामुळं मुंबईत कुणाच्या दारात उभं राहावं लागलं नाही. पोटासाठी पुण्या-भिवंडीला गेलेले सोलापूरकर ऐकू लागले आणि आकडा चढला.

पैसे म्हणाल तर आधी काहीच नाही. मग एका शेंगाचटणीवाल्यानं जाहिरात दिली, निम्मे रोख, निम्मी चटणी. आता मोठे जाहिरातदार येतात, पण गप्पांच्या मधोमध जाहिरात ती घेत नाही. आईची मनाई आहे. संयोजक उठले, म्हणजे चहा आला. प्रश्न तिकडंच विचारा.