टाळी पोचवायची कुणाला?

(रंगभूमी दिनाच्या आठवड्यात सांगलीत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, ‘संगीत नाटकाचा सिनेमा होताना काय टिकावं?’ तीन मुद्दे मांडीन असं मी संयोजकांना कबूल केलंय आणि ते मांडणार आहे. पण आधी दहा वर्षं मनात अडकून बसलेली एक गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय ते मुद्दे मला कुठून सुचले हे तुम्हाला कळायचं नाही.

२०१५ ची दिवाळी. ‘कट्यार काळजात घुसली’ सिनेमा लागला. आमच्या घरात ही बातमी लग्नाच्या आमंत्रणासारखी आली. आई आणि मावशी, दोघी सख्ख्या बहिणी, नाटक नवं होतं तेव्हा पाहायला गेल्या होत्या. १९६७ चं नाटक. लेखन दारव्हेकरांचं, संगीत अभिषेकीबुवांचं, नाट्यसंपदेची निर्मिती आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. त्या रात्रीबद्दल आमच्याकडे इतकं बोललं गेलंय, की त्या प्रयोगाला मीही होते असं मला लहानपणी वाटायचं. घरी परत येताना दोघी काय गुणगुणत होत्या, दार कुणी उघडलं, आजोबा काय म्हणाले, सगळं पाठ. आजोबांनी नारायणरावांना, म्हणजे बालगंधर्वांना, ऐकलेलं. ते म्हणाले होते, “गाणारा मोठा आहे, पण पदं फार थोडी.” हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर आम्ही चौघं निघालो. आई, मावशी, मी आणि नववीतला माझा भाचा. तो तबल्याच्या क्लासला जायचा, म्हणून त्याला मुद्दाम घेतलेला. मावशीनं ठेवणीतली साडी नेसलेली, पर्समध्ये भडंगाची पुडी. टॉकीजचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. गर्दी इतकी होती की आम्हाला दोन-दोन खुर्च्या वेगवेगळ्या मिळाल्या. मी आणि मावशी एकीकडे, आई आणि भाचा चार रांगा मागे.

सिनेमा सुरू झाला. ‘घेई छंद मकरंद’ आलं. तुम्ही सगळे जाणते आहात, या पदाची खुमारी तुम्हाला सांगायला नको. नाटकातले दोन प्रतिस्पर्धी गवई, शब्द तेच, पण पंडितजींची गायकी एक आणि खाँसाहेबांची दुसरी, आणि सगळं नाटक त्या दोहोंमधल्या अंतरात उभं आहे. माझ्या शेजारी मावशीचा हात मांडीवर चालू झाला. मात्रा मोजत होती. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, मान गेली. पद संपलं आणि मावशी, माझी सदुसष्ट वर्षांची मावशी, खणखणीत आवाजात म्हणाली, “वन्स मोअर!” आणि टाळ्या वाजवायला लागली.

दोन-चार टाळ्या आणखी पडल्या. कुणीतरी हसलं. मागून “श्शू” आलं. आणि मग डोअरकीपर आला. त्यानं बॅटरी सरळ तिच्या तोंडावर मारली. खाली पायावर नव्हे, तोंडावर. म्हणाला, “आजी, इथं काय नाटक चाललंय काय? गप बसा, न्हाईतर भाईर जावा.”

मंडळी, हे मी आज दहा वर्षांनी सांगतेय तरी माझा आवाज चढतोय. जिला तान कुठे सुटली आणि कुठे बांधली हे कळतं, जी आयुष्यभर पदरमोड करून तिकिटं काढत आली, त्या बाईला अख्ख्या थेटरात गुन्हेगारासारखं उजेडात धरलं. तिनं पदर डोक्यावरून घेतला आणि हात मांडीवर ठेवले. ते हात शेवटपर्यंत हलले नाहीत. ‘सुरत पिया की’ आलं तरी हलले नाहीत. पुडी तशीच राहिली. मी त्या माणसाला काही बोलले नाही. उठून बोलायला हवं होतं.

बाहेर आलो. रिक्षात आई सुरू झाली. “वसंतराव नाहीत. तो बिचारा नट काय करणार, ओठ हलवतोय आणि गाणारा दुसराच. आणि कव्वाली कशाला घातली? पदं कापली आणि कव्वाली घातली!” भाचा उसळून म्हणाला, “आजी, तो खाँसाहेब भारी होता. मला भीती वाटली त्याची.” आई म्हणाली, “भीती सचिनची वाटली, गाणं राहुलचं होतं.” पडद्यावर खाँसाहेब झाले होते सचिन पिळगावकर आणि आवाज होता राहुल देशपांड्यांचा. रिक्षावाल्यानंही सिनेमा पाहिलेला होता. तो पुढून म्हणाला, “बाई, शंकर महादेवनचं ‘सूर निरागस’ घरात रोज लागतंय आमच्या.” एका रिक्षात तीन मतं आणि प्रत्येक मत मनापासून. मावशी तेवढी गप्प. गणपती मंदिर आलं तेव्हा बोलली. माझ्याकडे न बघता म्हणाली, “त्याचं काही चुकलं नाही गं. मी टाळी वाजवली, पण ती पोचवायची कुणाला? तिथं कुणी नव्हतंच.”

गेली दहा वर्षं मी या एका वाक्याचा विचार करतेय.

आपल्या संगीत नाटकात टाळी ही नाटकातलीच एक भूमिका आहे, असं माझं म्हणणं आहे. पद संपत आलं की तबलजीची नजर गाणाऱ्याच्या हातावर असते. तिहाई, म्हणजे तीनदा घेतलेला एकच तुकडा, येते, सम येते, टाळी पडते. ती कशी पडली यावर पुढचं ठरतं. नुसती पडली तर गाडी पुढे. कोसळली तर ऑर्गनवाला सूर धरून ठेवतो, नट अंतरा पुन्हा उचलतो, आणि या खेपेला काहीतरी वेगळी जागा घेतो, कारण मघाची जागा तुम्ही ऐकलीत हे त्याला कळलेलं असतं. नायक रागावून निघालेला असतो. वन्स मोअर आला की परत येतो, गातो, पुन्हा तितकाच रागावतो आणि पुन्हा निघतो. आपल्याला त्यात काही खटकत नाही, कारण त्याला आपणच बोलावलेलं असतं. एकाच पदाचा प्रयोग सांगलीत पाच मिनिटांचा आणि मिरजेत बारा मिनिटांचा होतो, तो या टाळीमुळे. गंधर्व नाटक मंडळीत साथीला कादरबक्षांची सारंगी आणि थिरकवाँचा तबला असे. त्या दर्जाच्या लोकांना घेऊन नारायणराव रोज समोरच्यांचा अंदाज घेत गायचे. सिनेमात गाणं संकलनाच्या टेबलावर कायमचं बांधलं जातं. ते कितीही सुंदर असो, तुम्ही रडा, हसा, टाळ्या पिटा, ते पुढच्या खेळाला तितक्याच सेकंदांचं असतं. ‘पदं कापली’ ही जी तक्रार आहे ना, तिच्या पोटात ही दुखरी जागा आहे. गाणं लहान केलं हे दुःख आहेच, पण ते मोठं करण्याचा आपला हक्क गेला, हे त्याहून मोठं आहे.

आता आईची तक्रार. ओठ हलवणारा एक, गाणारा दुसरा. तिला मी त्या रात्री उत्तर दिलं नाही, आज देते. ती वरून ऐकत असेल. अगं आई, ही रीत आपल्या गावचीच आहे! १८४२ मध्ये कर्नाटकातली भागवत मंडळी सांगलीत आली. सांगलीचे संस्थानिक अप्पासाहेब पटवर्धनांनी त्यांचा खेळ पाहिला आणि विष्णुदास भाव्यांना सांगितलं, असं काही आपल्या भाषेत करा. ५ नोव्हेंबर १८४३ ला ‘सीता स्वयंवर’ झालं. आपण दरवर्षी हा दिवस साजरा करतो, पण एक गोष्ट विसरतो. त्या खेळात पदं पात्रं म्हणत नव्हती. सूत्रधार म्हणायचा. पात्रं हावभाव करायची आणि आयत्या वेळी सुचेल ते बोलायची. म्हणजे गळा एकाचा आणि देह दुसऱ्याचा हे सांगलीकरानं पहिल्याच दिवशी मान्य केलं होतं. पात्रांनी स्वतः गायचं हे रुळलं अण्णासाहेब किर्लोस्करांपासून, १८८० च्या ‘शाकुंतला’पासून. आणि आणखी एक. मराठी नाटकाचा जन्मच मुळी दुसऱ्या भाषेतला खेळ पाहून, त्याला आपल्या चालीरीतीत बसवण्यातून झालाय. आणि हे रूपांतर राजवाड्यात झालं, म्हणजे पाहणाऱ्यांत मूळ खेळ पाहिलेले लोक असणारच. ‘कर्नाटकातले जास्त चांगले नाचायचे’ असं तेव्हाही कुणीतरी म्हणालं असणार, याची मला खात्री आहे.

राहुल देशपांडे हे वसंतरावांचे नातू. आजोबांनी रंगमंचावर उभ्या केलेल्या भूमिकेचा आवाज सिनेमात नातवानं दिला. पंडितजींच्या शिष्याचा, सदाशिवचा, गळा महेश काळ्यांचा, ते अभिषेकीबुवांचे शिष्य. त्या वर्षीचं राष्ट्रीय पारितोषिक त्यांना याच सिनेमातल्या ‘अरुणी किरणी’साठी मिळालं. म्हणजे घराणं तुटलेलं नाही. पण आईला हे सांगून उपयोग झाला नसता. ती वसंतरावांच्या समोर बसली होती, आणि तिथे बसलेला माणूस नातवाचं गाणं आनंदानं ऐकेल पण ती रात्र बदलून देणार नाही. द्यायचीही नसते. आजोबांनीही नारायणरावांना ऐकल्याची रात्र वसंतरावांसाठी बदलून दिली नव्हती. ‘पदं फार थोडी!’ आठवलं? शाकुंतलात दोनशेच्या आसपास पदं होती. त्या हिशोबानं वाढलेल्या कानाला अभिषेकीबुवांची पदं थोडी वाटणारच. आईचं सर्वस्व असलेलं नाटक आजोबांच्या लेखी कापलेलं होतं.

इथे एक आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. ‘मानापमान’ आपल्या सांगलीच्या काकासाहेब खाडिलकरांचं, १९११ चं, आणि चाली गोविंदराव टेंब्यांच्या. ८ जुलै १९२१ ला टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं. बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर! तिथे टाळी कुणाला द्यायची हा प्रश्न लोकांना वेगळ्याच अर्थानं पडला असेल. आणि हेच टेंबे १९३२ मध्ये कोल्हापुरात प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’त, मराठीतल्या पहिल्या बोलपटात, हरिश्चंद्र झाले. संगीतही त्यांचंच. नाट्यपदांना चाली देणारा माणूस स्वतः पडद्यात शिरला. तीन वर्षांनी बालगंधर्व ‘धर्मात्मा’त एकनाथ झाले. ज्यांनी त्यांना भामिनी म्हणून पाहिलं होतं, त्यांना तो एकनाथ पचवणं जड गेलं. तेव्हा नाटकाच्या माणसानं सिनेमात जाणं ही आजची भानगड नाही. २०२५ च्या जानेवारीत ‘संगीत मानापमान’चा सिनेमा आला तेव्हा आपल्या गावात पुन्हा तीच चर्चा झाली. मी पाहून बाहेर आले, तर जिन्यात एक गृहस्थ खाडिलकरांचं मूळ कथानक बायकोला समजावून सांगत होते. अगदी प्रवेशवार. मला ते दृश्य फार आवडलं. सिनेमानं त्यांना नाटकाकडे पाठवलं होतं.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, मुद्दे.

पहिला. पद संपल्यावर पडद्यावर थोडी शांतता ठेवा. लगेच घोडे, लगेच तलवार, लगेच पुढचा संवाद नको. पाच-सहा सेकंद गाणाऱ्याच्या चेहऱ्यावर थांबा. थेटरातल्या माणसाला टाळी वाजवायला जागा मिळेल आणि तिच्याखाली पुढचं वाक्य बुडणार नाही.

दुसरा. पडद्यावर ऐकणारे दाखवा. ‘कट्यार’च्या सिनेमात दरबारातली जुगलबंदी जमली आहे, आणि ती नुसत्या गळ्यानं जमलेली नाही. तिथे ऐकणारे बसलेत, त्यांच्या माना हलतात, आणि आपली मान त्यांच्या मानेला मिळते. जिथे नायिका एकटी डोंगरावर गाते तिथे आपण नुसतं बघत बसतो.

तिसरा, मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा, आणि नेमका त्यालाच वेळ नाही. पद काढून टाकलं तर गोष्ट अडली पाहिजे. ‘घेई छंद’ काढा, ‘कट्यार’ कोसळते. म्हणून सिनेमालाही ते ठेवावंच लागलं, आणि म्हणून पन्नास वर्षांनंतरच्या पोरांपर्यंत ते पोचलं. ‘मानापमान’मधल्या भामिनीचा रुसवा ‘नाही मी बोलत नाथा’मध्येच आहे, त्या पदाबाहेर तो कितीही संवादांनी सांगा, यायचा नाही. नाटकाचा सिनेमा करणाऱ्यानं आधी ही पदं ओळखावीत, ती पूर्ण ठेवावीत, मग हवी तर कव्वाली घालावी. माझी कव्वालीला ना नाही. आईची होती.

भाच्याचं सांगायचं राहिलं. त्यानं त्याच आठवड्यात वसंतरावांचं जुनं ध्वनिमुद्रण शोधून काढलं आणि आईला हेडफोन लावून दिला. ती कव्वाली विसरली नाही, पण त्याला जवळ बसवून लय कुठे ओढली आहे ते बोटांनी दाखवत राहिली. आज तो इथे तबल्याला बसणार आहे. माझं झाल्यावर एक मुलगी ‘घेई छंद’ गाणार आहे, पेटी लावून तयार आहे.

आणि मावशी पहिल्या रांगेत बसली आहे. मावशी, आज कुणी बॅटरी मारणार नाही. गाणारी समोर आहे.